नॅशव्हिल बघून आलेला माणूस

पांढऱ्या जाळीदार टोपीवर रुंद काठाची तपकिरी हॅट चढवलेला माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पहिल्यांदा दिसला तेव्हा तो एका गायीच्या मागे उभा राहून तिची समजूत काढत होता, "सर गं बाय, सर. सगल्या तुझ्यासाठी थांबल्यात." आणि छताला टांगलेल्या कर्ण्यातून कोणी अमेरिकन बाप्या गिटार वाजवत रडक्या आवाजात गात होता.

मी नुकताच सांगलीहून आलो होतो. सौदी अरेबियात, अल खर्जच्या बाहेर, वाळवंटात, हजारो गायींची डेअरी. तिथल्या प्रयोगशाळेत दूध तपासायचं काम मला मिळालं होतं. आल्यापासून कानावर अरबी, हिंदी, नेपाळी, मल्याळम पडत होतं. त्यात अचानक ते 'सर गं बाय' ऐकलं आणि मी हातातल्या बाटल्या खाली ठेवल्या.

"तुम्ही मराठी?" मी विचारलं.

त्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग काय ही गाय मराठी असंल?"

तो रायगडातल्या खाडीकाठच्या एका गावचा कोकणी मुसलमान. सगळी डेअरी त्याला चाचा म्हणायची, मीही म्हणू लागलो. 'मला'ला 'मना' म्हणायचा, 'डोळे'ला 'डोले'. तीन दशकं सौदीत राहूनही बोलण्यातली खाडी आटली नव्हती. तो मिल्किंग पार्लरचा सुपरवायझर होता. पार्लर म्हणजे गायी ओळीनं आत येतात, कासेला यंत्रं लागतात, दूध निघतं, आणि गायी दुसऱ्या दारानं बाहेर जातात, ती जागा. "गावाला सांगितला, मी पार्लरमधी काम करताव," तो सांगायचा, "तर माझी भावजय लाजली. तिना वाटला, मी बायकांच्या भुवया कोरताव."

चाचा दूध पीत नसे. चहासुद्धा काळा. "दिवसभर बघायचा, वास घ्यायचा, आणि वर प्यायचा पण?" गायींच्या कानातल्या नंबरांवर त्याचा विश्वास नव्हता. लाथाळ गायींना तो आपल्या एसटी मार्गावरच्या थांब्यांची नावं द्यायचा. आमच्या पार्लरात त्यामुळे एक म्हसळा होती, एक इंदापूर होती आणि एक फारच आडदांड वडखळ नाका. त्याच्या हाताखालचे नेपाळी पोरगे गायीला हाकताना बिनचूक 'सर गं बाय' म्हणायचे. त्यांना वाटे, हे अरबी आहे.

पण चाचाचं खरं वेड ती गाणी. त्याची सुरुवात एका अमेरिकन साहेबापासून झाली होती. हे पार्लर ज्यानं उभं केलं, तो म्हातारा मॅनेजर अमेरिकेतल्या टेनेसी राज्याचा, नॅशव्हिल शहराजवळच्या एका शेतावर वाढलेला. तिकडच्या खेड्यापाड्यांतली गिटारची गाणी त्यानं इथे आणली आणि गायींना ऐकवायला लागला. गाणं चालू असलं की गाय शांत उभी राहते आणि जास्त दूध देते, असं त्याचं म्हणणं. चाचा तेव्हा साधा दूध काढणारा होता. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. एक टेनेसीचं इंग्रजी बोलायचा, दुसरा खाडीकाठची मराठी, आणि मध्ये गाय. तरी दोघं वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी पार्लरबाहेर उलट्या बादल्यांवर बसायचे. साहेब निवृत्त होऊन गेला तेव्हा टेपरेकॉर्डर आणि कॅसेटींची पेटी चाचाकडे सोपवून गेला.

कॅसेटी झिजल्या तेव्हा केरळी इलेक्ट्रिशियनकडून चाचानं ती गाणी कॉम्प्युटरवर चढवून घेतली. त्या काळी धर्मपोलिसांच्या धाकानं अल खर्जच्या बाजारात मोठ्यानं गाणं लावायची कुणाची छाती नव्हती. पण पार्लरच्या पत्र्याखाली, पाण्याच्या फवाऱ्यांच्या आवाजात, ते गाणं कुणाला खुपत नव्हतं.

"अर्थ कळतो का, चाचा?" मी एकदा विचारलं.

"अर्थ काय कळायचा त्याच्यात? घर सोडून गेलेल्या माणसाचा गाणा हाय. आवाजातच कळतो." मग थोड्या वेळानं म्हणाला, "ते ट्रेन ट्रेन काय बोलतो, ते जरा सांग."

मी सांगितलं, की तो माणूस म्हणतोय, रात्रीची गाडी गेली आणि मी फलाटावरच राहिलो. चाचानं मान हलवली. "बघ. मी बोललोच."

तर असा हा माणूस खरोखर नॅशव्हिलला जाऊन आला होता. नवी यंत्रं घ्यायची ठरली तेव्हा कंपनीनं त्याला अमेरिकेत, यंत्रांच्या कारखान्यात, शिकायला पाठवलं. तोवर त्याला कामापुरतं मोडकंतोडकं इंग्रजी यायला लागलं होतं. शिकणं संपल्यावर हाताशी थोडे दिवस उरले. बरोबरचे लोक न्यूयॉर्क बघायला गेले. चाचा एकटा बसमध्ये बसून नॅशव्हिलला गेला. ही हकिगत त्यानं मला किती वेळा सांगितली असेल, देव जाणे. आम्ही कामगार राहायचो त्या कॅम्पमध्ये नवा माणूस आला की पहिल्या शुक्रवारी, बिर्याणी झाल्यावर, नॅशव्हिल व्हायचंच.

"एक रस्ता हाय," तो सुरू करायचा. "दोन्ही बाजूंना दुकाना. हर दुकानातनं गाणा. हितं वेगला, शेजारी वेगला. आपल्याकडं लोक छत्री घेऊन फिरतात ना, तशी पाठीवर गिटार. पोरी, म्हातारे, सगले. पण गाणा जितं, तितं दारू! आता मी काय करू? उभा राहिलो फूटपाथवर. हा गाणा जरा ऐकला, चार पावला गेलो, तो गाणा जरा ऐकला."

मग त्या गोष्टीत एक गाणारी मुलगी यायची. मध्यंतरात दाराशी वारा खायला आलेल्या त्या मुलीनं याला बराच वेळ बाहेर उभा पाहिला होता. तिनं विचारलं, आत का येत नाहीस? हा म्हणाला, मी पीत नाही. ती म्हणाली, मग पाणी पी. आणि हाताला धरून आत घेऊन गेली. कुठून आलास, असं कुणीतरी विचारलं. चाचा म्हणाला, सौदी अरेबिया. झालं, साऱ्या दुकानाला वाटलं तेलाचा शेख आला. पुढची खुर्ची मिळाली, बर्फ घातलेलं पाणी मिळालं, आणि पुढचं गाणं 'आपल्या सौदी पाहुण्यासाठी' झालं.

"मग तुम्ही सांगितलं नाहीत, मी शेख नाही म्हणून?"

"कशाला? त्यांना बरा वाटला, मनापण बरा वाटला."

शेवटी हॅटची खरेदी. हॅटवाल्या दुकानदारानं जाळीची टोपी काढायला सांगितली, यानं काढली नाही, आणि दोन टोप्या बसतील एवढी मोठी हॅट शोधण्यात दुकानदाराचा घाम निघाला. इथे सगळे हसायचे, चाचा हॅट डोक्यावर नीट बसवायचा आणि गोष्ट संपायची.

मला एकच गोष्ट खटकायची. ज्या साहेबासाठी हा तिथवर गेला, तो साहेब या गोष्टीत कधीच येत नसे. एकदोनदा मी विचारलं. चाचा उठून चहा टाकायला गेला.

गावाकडे त्याचं मोठं घर होतं. बायको होती, मुलं होती, मुलांची लग्नं झाली होती. दर दोन वर्षांनी तो जायचा आणि सुट्टी संपायच्या आत कंटाळून यायचा. "घरात मी कुठं बसू तेच मना कलत नाय," तो म्हणायचा. "ज्या खुर्चीत बसलो, तितं आधीच कोण तरी बसत असतो. मग तो माणूस उभा राहतो. पाहुणा आल्यासारखा." नातवंडं त्याच्याशी फोनवर बोलायची, ती आई पाठीमागून सांगेल तेवढंच. सलाम, कसे आहात, आम्ही बरे आहोत. फोन ठेवला की चाचा गायींकडे जायचा.

मग ते सौदायझेशन आलं, परदेशी माणसांच्या जागी सौदी माणसं नेमायचं. शब्द आम्ही पुष्कळ वर्षं ऐकत होतो. आधी बाजारातली भाजीची दुकानं गेली, मग मोबाइलची. ज्या दुकानात काल मलबारी पोरगा होता तिथे आज सौदी पोरगा दिसायचा. डेअरीत कुणाला तशी भीती नव्हती. शेणात उभं राहायला कोण सौदी येणार, असं सगळे म्हणायचे. पण सुपरवायझरच्या जागा सौद्यांना द्यायच्या यादीत आल्या, आणि त्यात पार्लर होतं. चाचाला ऑफिसात बोलावून सांगितलं, की एक मुलगा येईल, त्याला शिकवायचं, आणि तो तयार झाला की तुमचं फायनल एक्झिट, कायमचं घरी.

त्या दिवशी मगरिबची, सूर्यास्ताची, नमाज झाल्यावर चाचा पार्लरबाहेर बादलीवर येऊन बसला. हॅट मांडीवर होती. मी शेजारी बसलो. थंडीचे दिवस होते, गोठ्यांवरून वाफ उठत होती. तो आपणहून म्हणाला, "तू विचारत होतास ना, साहेब भेटला काय म्हणून."

"भेटला?"

"भेटला. नाय पण भेटला."

नॅशव्हिलच्या दुसऱ्या दिवशी तो साहेबानं जाताना दिलेल्या पत्त्यावर गेला होता. दार साहेबाच्या मुलीनं उघडलं. याचं नाव ऐकल्यावर तिनं तोंडावर हात घेतला, आणि आपल्या गाडीत बसवून याला एका म्हाताऱ्यांच्या इस्पितळासारख्या ठिकाणी घेऊन गेली. साहेब खिडकीपाशी चाकांच्या खुर्चीत बसला होता. अंग सुकलं होतं, हात मात्र तेच, मोठे, गाय धरणारे. चाचा समोर जाऊन उभा राहिला. साहेबानं वर पाहिलं आणि त्याचा चेहरा एकदम उजळला.

"मना बोलला, रॉय! आलास? धारा झाल्या?"

"रॉय कोण?"

"त्याचा भाऊ. ल्हानपणी मेलेला. पोरीनं सांगितला मना. ती रडाया लागली, बोलली, त्याना सौदीचा काहीच याद नाय. तो लहान झालाय, शेतावर राहतो परत." चाचानं हॅट फिरवली. "आता मी काय करू? मी बोललो, येस सर, झाल्या धारा."

दोन दिवस चाचा रॉय झाला. साहेब विचारायचा, फाटक लावलंस? हा म्हणायचा, लावलं. तांबडी कशी आहे? बरी आहे. बाबा रागावले का? नाही, नाही रागावले. त्याला सूप भरवलं, दाढी करून दिली, आणि तो झोपला की खुर्चीशेजारी बसून राहिला. गाण्याचा रस्ता त्यानं पाहिला तो पहिल्याच संध्याकाळी, तेवढाच. पुढचं नॅशव्हिल म्हणजे ती खोली. निघायच्या वेळी साहेबानं मनगट धरलं. शहरात जाऊ नकोस रॉय, म्हणाला, संध्याकाळच्या धारांना ये.

"मी बोललो, येताव. आणि बस पकडली."

आत गाय हंबरली. चाचानं तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"त्याचा मना राग नाय," तो म्हणाला. "माणूस म्हातारा होतो. पण मी विचार करताव, त्याच्या डोक्यातनं सौदी पुसला गेला. हा पार्लर, ह्या बादल्या, सगला. इतकी वर्सा आम्ही दोघा हितं बसलो, ते आता फकस्त माझ्या डोक्यात हाय. आणि मी पण निघालो. तर मग ते झाला होता का नाय रे?"

मी म्हटलं, "झालं होतं, चाचा." ते अगदीच थोडं वाटलं.

तो सौदी मुलगा महिन्याभरात आला. हाइलचा होता, उत्तरेकडचा, शेतकी कॉलेज शिकलेला, पातळ दाढीचा. घरी आजोबांचे उंट होते, पण गायीला तो घाबरायचा. कॅम्पनं आधीच ठरवून टाकलं होतं, की चाचाची भाकरी काढून घेणारा हा पोरगा उद्धट असणार. तसा तो नव्हता. पहिल्या दिवशी चाचाच्या कपाळाला ओठ टेकवून त्यानं सलाम केला आणि 'या अम्म', म्हणजे काका, अशी हाक मारली. दुपारी आईला फोन करताना त्याचा आवाज अगदी आमच्यासारखाच व्हायचा.

आठवडाभरानं तो चाचाजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "या अम्म, रागावू नका. हे गाणं बंद करता येईल? आमच्या घरात चालत नाही. मला त्यात उभं राहवत नाही."

मी तिथेच होतो. मला वाटलं, आता भडका उडणार. चाचानं त्याच्याकडे पाहिलं, भिंतीपाशी गेला आणि बटण बंद केलं. इतक्या वर्षांनी पार्लरात फक्त यंत्रांचा ठोका ऐकू यायला लागला. गायींनी माना वळवून पाहिलं, असं नेपाळी पोरगे नंतर सांगायचे. मला तसं काही दिसलं नाही.

"बघ तू," चाचा मला म्हणाला. "दुधाचा आकडा पडणार. मग तोच येईल, लावा गाणा म्हणून."

त्यानंतर तो रोज प्रयोगशाळेत यायचा. दाराशी उभा राहून विचारायचा, "पडला?"

"नाही, चाचा."

"उद्या बघ."

दुसऱ्या दिवशी पुन्हा. दूध पडलं नाही. फॅट पडलं नाही. गायी पूर्वीसारख्याच येत होत्या, उभ्या राहत होत्या, जात होत्या. वडखळ नाका पूर्वीसारखीच लाथ मारत होती. एके सकाळी चाचा आला, आणि मी काही बोलायच्या आधीच हात वर करून म्हणाला, "राहू दे." मग माझ्या स्टुलावर बसला. हॅट काढून टेबलावर ठेवली, जाळीची टोपी काढून डोकं खाजवलं. टोपीखाली सगळं पांढरं झालं होतं.

"गायींना नकोच होता रे," तो म्हणाला. "मनाच हवा होता."

त्या दिवसापासून त्यानं त्या मुलाला शिकवायला खरी सुरुवात केली. कास कशी चाचपायची, आजारी गाय डोळ्यांवरून कशी ओळखायची, लाथ येणार हे मांडीच्या कातडीवरून कसं कळतं. मुलाचे पांढरे कपडे पहिल्याच आठवड्यात शेणानं माखले. चाचा त्याच्यावर ओरडायचा, तो "ताय्यिब, या अम्म", बरं काका, म्हणायचा. शेवटी शेवटी दोघं एकाच थाळीतून जेवायला लागले. आणि उन्हाळा सुरू व्हायच्या आत चाचा गेला. विमानतळावर सोडायला मी गेलो होतो. वजन जास्त भरलं म्हणून त्यानं एक घोंगडी काढून मला दिली.

पहिल्या वर्षी फोन यायचे. "काय करता?" मी विचारायचो. "काय नाय. बसलोय," तो म्हणायचा. पुढे फोन कमी झाले.

मधे काही वर्षं गेली. एका दुपारी गेटवरून सिक्युरिटीचा फोन आला, एक हाजी आलाय, तुमचं नाव घेतोय. मी धावत गेलो. चाचा उभा होता, पांढऱ्या कुडत्यात, बारीक झालेला. गावच्या लोकांबरोबर उमऱ्याला आला होता. मक्का झाली, मदिना झाली. आता त्या व्हिसावर देशात कुठेही फिरता येतं म्हणून बाकीचे मदिनेत थांबले असताना हा एकटा रियाधला, आणि तिथून बसनं अल खर्जला आला. दुसऱ्या दिवशी परत मदिना गाठायची होती.

"घरी सांगितलंत?"

"सांगितला, दोस्ताला भेटाया जाताव."

गेटवरच्या पोरानं त्याला गळ्यात अडकवायला 'व्हिजिटर'चं कार्ड दिलं. पार्लरात आता नवे नियम होते, बाहेरच्या माणसाला खाली उतरायची मनाई. आम्ही वरच्या काचेच्या सज्जातून पाहिलं. खाली सगळी नवी पोरं होती. एकानं वर पाहिलं आणि पाहुण्यांकडे पाहावं तसा हात हलवला. चाचानंही हात हलवला. "वडखळ नाका?" त्यानं हळूच विचारलं. मी म्हटलं, "विकली, चाचा. म्हातारी झाली होती." तो काचेला हात लावून उभा राहिला.

तेवढ्यात तो हाइलचा मुलगा जिन्यानं वर आला. आता अंगानं भरलेला, दाढी दाट, तीन पार्लरांचा प्रमुख. चाचाला पाहून तो पुढे आला, त्याचं कपाळ चुंबलं आणि हाताला धरून आपल्या ऑफिसात घेऊन गेला. मोठ्या खुर्चीत बसवलं. खजूर पुढे ठेवले. कॉफी आणणाऱ्या पोऱ्याच्या हातून त्यानं दल्ला, ती लांब चोचीची किटली, स्वतःच्या हातात घेतली आणि उभ्यानंच ओतायला लागला.

तिकडची रीत अशी, की पाहुण्यानं हातातला चिमुकला पेला जरासा हलवला, की बस झालं. तोवर यजमान ओतत राहतो. आणि पेला हलला, म्हणजे पाहुण्यानं उठायचं.

चाचाला ही रीत माझ्याहून जास्त ठाऊक होती. त्यानं पहिला पेला संपवून हात पुढे केला, सरळ, न हलवता. मुलानं ओतलं. दुसरा संपला. हात पुन्हा सरळ. तिसऱ्यानंतर लोक थांबतात. चाचा थांबला नाही. गावाची काही गोष्ट नाही, मुलांची नाही. खिडकीबाहेर गोठ्यांच्या रांगा होत्या, तिकडे पाहत होता, आणि पेला पुढे करत होता. मुलाचा फोन टेबलावर वाजला. त्यानं तो पाहिला नाही. पुन्हा वाजला, तेव्हा डाव्या हातानं उलटा करून ठेवला.

ओतता ओतता दल्ल्यातून नुसते थेंब पडायला लागले. मुलानं दल्ला कानाशी नेऊन हलवला. चाचाचा हात तसाच पुढे होता, अगदी स्थिर.

मुलगा दाराशी गेला आणि त्यानं आवाज दिला, "अजून एक घेऊन ये. भरून."